चहानंतरचं पाणी

ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी माय मला वसतिगृहात सोडायला आली. बा मला पाठीवर घेऊन होता आणि माय मागून माझं बोचकं घेऊन चालत होती. माझे दोन्ही पाय मी रांगायच्या वयातच तापात गेलेले. शिरूर कासारकडच्या आमच्या वस्तीवर मी हातांवर सरकत फिरायची, आणि आदल्या साली आईबापाबरोबर कोपीवर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीतही राहून आले होते. पण उसाच्या फडात सरकणाऱ्या पोरीवर लक्ष कोण ठेवणार? त्या हंगामात बैलगाडीचं चाक माझ्या हाताच्या अगदी जवळून गेलं, तेव्हापासून मायेच्या जिवाला घोर लागला होता. कुणीतरी सांगितलं, मांजरसुंब्याच्या अलीकडे अपंग मुलींचं वसतिगृह निघालंय, राहणं-खाणं फुकट, शाळाही तिथंच. आम्ही पोचलो तेव्हा अधीक्षिका मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. माय वाकून त्यांच्या पाया पडली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हितं दोन टाइमाला गरम खायाला मिळंल. यांच्या उपकारात राह्य. उलटून बोलू नको. तुला ठिवून घ्यायला दुसरं कुणी न्हाई, बाई." तिनं ते मायेनंच सांगितलं. मीही ते मनापासून ऐकलं, आणि पुढचे कितीतरी महिने अक्षरशः पाळलं.

इमारत हमरस्त्याला लागून होती. घाटाकडे निघालेले ट्रक आमच्या दारापाशी गिअर बदलायचे, आणि तो दमल्यासारखा आवाज इतक्या वेळा यायचा की ट्रक नसला की चुकल्यासारखं वाटे. रस्त्यापलीकडे एक ढाबा होता. दुपारपासून तिथं कांदा परतायला घेत. तो वास वाऱ्याबरोबर आमच्या लांब खोलीत शिरायचा आणि भाकरी आणि पातळ वरण खाणाऱ्या आम्ही पोरी त्या वासाला लावून घास गिळायचो. शनिवारी खिचडी असायची. तिची तळाची खरपुडी कुणाला मिळणार यावर भांडणं व्हायची. लोखंडी पट्ट्यांचे बूट घालणाऱ्या मुली चालल्या की फरशीवर खणखण व्हायची, सरकणाऱ्या आमचा मात्र फक्त घासल्याचा आवाज. आणि या सगळ्यांत सुमनबाईच्या काचेच्या बांगड्या. सुमनबाई आमची आयाबाई. अंघोळ, वेण्या, उचलणं, धुणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. वेण्या ती फार सुरेख घालायची. गुडघ्यात डोकं धरून, गुणगुणत, एकही केस न ओढता. तिचं नाव काढलं की लोकांना वाटतं मी आता शिव्या देणार. पण माझ्या डोक्यावरून फिरलेला तो हात मला आजही आठवतो, आणि तिनं जे केलं तेही आठवतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची वजाबाकी मला कधी जमली नाही.

पहिल्याच संध्याकाळी मला तिथला नियम कळला. दुपारचा चहा झाला की पाणी बंद. रात्री कुणाला लघवीला उचलून न्यावं लागू नये, म्हणून. न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे होतं, वर दोन पायऱ्या चढून. अपंगांच्या वसतिगृहाला पायऱ्या का, हे त्या काळी कुणालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. ज्या मुली चालू शकत त्या जाऊन येत आणि हळूच तिथल्या हौदाला तोंड लावत. आम्हा सरकणाऱ्यांसाठी आणि उचलून न्याव्या लागणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण उंच तिवईवर ठेवलेला होता. खालून हात वर केला तर तिवईच्या आडव्या फळीपर्यंत पोचायचा, फळीच्या वर नाही. "जास्त पाणी पेलं की लाज जाती," सुमनबाई म्हणायची. जिची वाकळ ओली व्हायची तिला सकाळी त्याच ओल्या वाकळीवर अंगणात बसवून ठेवत, वर्गात जाणाऱ्या पोरींना दिसेल असं. म्हणून आम्ही तहान मारायला शिकलो. निंबाची काडी चघळायची म्हणजे तोंडाला पाणी सुटतं. अंघोळीच्या वेळी ओढणीचं टोक भिजवून कमरेला खोचायचं आणि अंधार पडला की चोखायचं. संध्याकाळच्या जेवणात भाकरी घशाखाली उतरेना की वरणाचं वरचं पाणी आधी प्यायचं. हे उपाय आम्ही एकमेकींना असे शिकवत असू, जसं घरी मोठ्या बहिणी रांगोळी शिकवतात.

मला आज भाषणांना बोलावतात, तेव्हा कुणीतरी उठून विचारतंच, "एवढं चालू होतं तर तुम्हाला कळत कसं नव्हतं?" काय सांगावं? आम्हाला वाटायचं, उचलून न्यावी लागणारी पोर म्हणजे दुसऱ्यावरचं ओझं, आणि ओझ्यानं स्वतःला होईल तितकं हलकं करावं. जिची वाकळ कधी भिजली नाही ती शहाणी. मी त्या शहाण्यांत पहिली होते आणि मला त्याचा अभिमान होता. शिवाय मॅडम वाईट बोलायच्या नाहीत. आवाज गोड, साडी कडक इस्त्रीची. पाहुणे यायचे, संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यायचे, तेव्हा मॅडम आमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "या माझ्याच लेकी. यांना बाहेर कोण आहे?" त्या दिवशी रांजण खाली यायचा, स्टीलचे चकचकीत पेले मांडले जायचे, कधी सरबतही असायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या की पेले कपाटात आणि रांजण वर.

संक्रांतीनंतर चंद्रकला आली. चकलांब्याची. तिची आई विधवा, रोजानं खुरपायला जाणारी. भीमजयंतीला पोरीला नवा फ्रॉक घ्यायचाच अशी तिची रीत, हे चंद्रकलेनंच मला सांगितलं होतं. तिचे हातपाय आखडलेले, मान एका बाजूला कलणारी, आणि बोलणं असं की नवख्याला वाटावं ही नुसतीच कण्हतेय. पण ती बोलायची, भरपूर बोलायची. मी तिच्या शेजारी झोपायची, म्हणून आठ-पंधरा दिवसांत मला तिचा शब्दन्शब्द कळायला लागला. सुमनबाईच्या चालण्याची नक्कल ती नुसत्या मानेनं करायची आणि आम्ही हसून लोळायचो. तिला एकच गोष्ट शिकता येईना. गप्प बसणं. संध्याकाळी दिवे लागले की ती सुरू व्हायची, "पाई... पाई..."

"पाणी मागतीय ती," मी सुमनबाईला सांगायची.

"मला कळतंय. तिलाच कळंना झालंय. ए चंद्रे, चा झाला ना आता? सकाळी मिळंल."

"पाई."

"कावून डोकं खाती? एवढ्या पोरी गप बसल्यात, तुलाच तहान लागती का?"

चंद्रकला मान हलवायची, म्हणजे हो. आणि पुन्हा मागायची. रडून नाही, चिडून नाही. समोरच्याला नीट ऐकू आलं नसेल अशा समजुतीनं. मी दुपारच्या चहाबरोबर मिळालेल्या पाण्यातलं थोडं वाटीत राखून तिला पाजायला लागले. तिच्या तोंडातून निम्मं सांडायचं. ते सुमनबाईच्या लक्षात आलं आणि वाटी बंद झाली. त्या रात्री चंद्रकलेची वाकळ ओली नव्हती, तरी सकाळी तिला अंगणात बसवलं. "मागायची सवय मोडाया पायजे," मॅडम व्हरांड्यातून म्हणाल्या. त्या एरवी शुद्ध बोलत. हे वाक्य त्यांनी सुमनबाईला समजावं म्हणून तिच्या भाषेत सांगितलं.

होळी झाली आणि आमच्याकडचं ऊन सुरू झालं. पत्रे तापायचे, फरशीसुद्धा कोमट लागायची. माझे आईबाप तेव्हा कारखान्यावरच होते, हंगाम संपायचा होता. चंद्रकलेचं अंग गरम लागायला लागलं. लघवीला नेलं की ती किंचाळायची, आणि मग नेऊ नका म्हणून मलाच विनवायची. मी सुमनबाईला सांगितलं, तिनं मॅडमना सांगितलं, मॅडमनी तापाची गोळी दिली. दोन-तीन दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी दिवे लागले आणि चंद्रकलेनं पाणी मागितलं नाही. मी वाट पाहत होते. ढाब्यावर भांडी वाजत होती, ट्रक जात होते, आणि ती छताकडे बघत पडली होती. सुमनबाई वाकळी टाकत आली, थबकली, आणि खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाली, "शिकली बघ शेवटी."

सकाळी तिला हलवलं तर डोळे उघडेनात. तेव्हा मात्र पळापळ झाली. पण गाडी यायला दुपार झाली. चंद्रकलेचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला नीट कळत नसल्यानं मलाही तिच्यासोबत उचलून घातलं आणि आम्ही बीडच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. सुमनबाई आमच्याबरोबर होती, मॅडम मागून येणार होत्या.

वॉर्डातल्या सिस्टरचं नाव नसीम. उंच, घाईनं चालणारी बाई. तिनं चंद्रकलेच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं. जीभ पाहिली. सलाइन लावत असताना तिनं विचारलं, "पाणी कितीक पिती ही?"

मी म्हणाले, "दुपारच्या चहापर्यंत पितो की. चहानंतर आमच्यात पाणी नसतं, सिस्टर."

"आमच्यात म्हंजे?"

"आम्ही उचलून न्यावं लागणाऱ्या."

सिस्टरचे हात थांबले. तिनं सुमनबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोपऱ्यातल्या माठातून तिनं पेलाभर पाणी आणून माझ्यापुढे धरलं. दुपार उलटून गेली होती. माझा घसा कोरडा पडलेला, पण मी पेला हातात घेतला नाही. मी सुमनबाईकडे बघितलं, घेऊ का म्हणून.

नसीम सिस्टर माझ्याशेजारी खाटेवर बसली. "तिच्याकडं कावून बघती गं? पाणी मी देतेय, तहान तुला लागलीय. तिचा काय संबंध?" मी प्यायले. मला वाटलं होतं छान लागेल. पण मला उमाळा आला आणि निम्मं पाणी नाकातून बाहेर आलं. आजवर ज्याला मी शहाणपण समजत होते ते दुसऱ्याच कुणाच्या तरी सोयीचं होतं, हे मला शब्दांत मांडता आलं नसतं. पण मी पेला पुन्हा पुढे केला, आणि या वेळी सुमनबाईकडे बघितलं नाही.

सुमनबाई भिंतीला टेकून खाली बसली. "सिस्टर, मी एकटी हाय. एवढ्या पोरी उचलून माझी कंबर गेली. दुसरी बाई द्या म्हणून मॅडमला लई येळा म्हणलं. त्या म्हणल्या, पाणी कमी पाज."

"आणि तू पाजलं न्हाईस," सिस्टर म्हणाली. तिनं सुमनबाईला शिवी दिली नाही, पण पाण्यालाही विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी दवाखान्यातच होते. डॉक्टरांनी सांगितलं, लघवीच्या जागेचा आजार रक्तात उतरलाय, मूत्रपिंडं काम करीत नाहीत. त्यांनी पोलिसांना आणि समाजकल्याण खात्याला कळवलं. नसीम सिस्टर काम आटोपलं की माझ्याशी बोलत बसायची. तुमच्या राहण्याखाण्यासाठी सरकार संस्थेला पैसे देतं, ते कुणाच्या घरून येत नाहीत, हे मला तिच्याकडून कळलं. कोंडणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं, चारचौघांत लाज काढणं ही शिस्त नव्हे, ही कुणाला सांगावी अशी गोष्ट आहे, हेही. "चौकशीला कुणी आलं तर एकटीनं बोलीन म्हण," ती म्हणाली. "ज्याची तक्रार हाय त्याच्याच तोंडासमोर कुणी तक्रार विचारतं का? तसं विचारायला लागले तर समज, त्यांना ऐकायचंच न्हाई."

चंद्रकला गेली ती सकाळची वेळ होती. तिची आई आदल्या दिवशीच पोचली होती. ती पोरीची आखडलेली बोटं एकेक सरळ करीत बसली. जिवंतपणी ती कधी सरळ झाली नव्हती, आता होत होती.

मला परत वसतिगृहात नेलं आणि तीन-चार दिवसांत खात्याचे साहेब आले. पेले मांडलेले होते. रांजण खाली होता. मॅडमनी आम्हाला ओळीत बसवलं आणि साहेबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. साहेबांनी घाम पुसत विचारलं, "मुलींनो, इथं काही त्रास वगैरे?" सगळ्या खाली बघू लागल्या. मायेचे शब्द आठवले, तरी मी हात वर केला. मी म्हणाले, "साहेब, मॅडमना बाहेर जायला सांगा. मग विचारा."

मॅडम हसल्या. "दवाखान्यातून शिकून आलीय ती."

"हो," मी म्हणाले, "शिकूनच आलेय."

साहेब चुळबुळले, पण मॅडमना बाहेर जावं लागलं. मग मी रांजणाबद्दल सांगितलं, तिवईबद्दल, ओल्या वाकळीबद्दल. लघवीचा शब्द परक्या पुरुषासमोर उच्चारताना कान तापले, तरी उच्चारला. मी थांबले तेव्हा शेवटच्या ओळीतली एक बारकी पोर, जी वर्षभर कुणाशी बोलली नव्हती, म्हणाली, "मी ओढणी चोखती." मग एकेक करून सगळ्या बोलायला लागल्या. साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि नुसते ऐकत राहिले.

हल्ली मी वसतिगृहांच्या तपासणी समितीत असते. अशा संस्थांत गेले की व्हीलचेअरवरून आधी पाणी प्यायची जागा आणि संडास बघते, आणि मुलींशी बोलताना दार लावून घेते. अधीक्षकांना राग येतो. आता कायदाही बाजूनं आहे. अपंग माणसाचा छळ होतोय असं ज्याला वाटेल तो कुणीही थेट तहसीलदाराकडे जाऊन सांगू शकतो. मी हे मुलींना सांगते, त्या माना डोलावतात, आणि त्यातली एखादी तेवढ्यात दाराकडे बघते. ती कशाला बघते हे मला ठाऊक आहे. तिच्याशी मी परत एकदा बोलते.

त्या वेळी माझ्या बोलण्याची बातमी कारखान्यावर पोचायला वेळ लागला नाही. भाऊसाहेबांनी टोळीच्या मुकादमामार्फत माझ्या आईबापाला वसतिगृहात बोलावून घेतलं. दोघं उसाच्या पाचटानं ओरखडलेल्या हातांनिशी तसेच आले. भाऊसाहेब समजुतीनं बोलत होते. पोरगी लहान आहे, दवाखान्यातल्या बाईनं भरवलंय, तिनं शब्द मागं घेतला तर तिचं दहावीपर्यंत सगळं इथंच होईल. नाही तर उद्या तिला घेऊन जा. "तुमचाच विचार करून सांगतोय," ते म्हणाले. बा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता माय मला म्हणेल, उलटून बोलू नको म्हणलं होतं ना.

मायेनं मला विचारलं, "पाणी देत नव्हते?"

"दुपारनंतर न्हाई."

"तो व्यवस्थापनाचा भाग असतो, बाई," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला त्यातलं कळणार नाही."

माय उठली. पदर खोचला. "आमी कोपीत राहतो, मॅडम. दिसभर मोळ्या वाहून येतो, जीव निस्ता पाणी पाणी करतो. पर बैलाला पाजल्याबिगर आमी तोंडाला तांब्या लावत न्हाई. त्याला मागता येत न्हाई म्हणून." मग बाच्याकडे बघून म्हणाली, "घ्या हिला पाठीवर."

पुढं काय झालं ते सांगते, पण त्यात समाधान फार नाही. संस्थेची मान्यता गेली. पहिल्याच दिवशी काढून टाकली ती सुमनबाईला. मॅडमवरचा खटला इतका रेंगाळला की साक्षीला मी गेले तेव्हा माझं लग्नाचं वय झालेलं होतं, आणि निकाल लागायच्या आधीच त्या वारल्या. भाऊसाहेबांची दुसऱ्या नावानं दुसरी संस्था निघाली. वसतिगृह बंद झालं तेव्हा पोरी आपापल्या गावी गेल्या आणि बहुतेकींची शाळा तिथंच सुटली. ती ओढणीवाली बारकी पोर कुठे गेली, मी पुष्कळ शोधलं, कळलं नाही. मी हंगाम संपेपर्यंत कोपीवर होते. मग नसीम सिस्टरनं खटपट करून मला बीडच्या सरकारी शाळेत घातलं, म्हणून मी आज हे लिहिते आहे.

शिकून नोकरीला लागल्यावर मी चकलांब्याला गेले. चंद्रकलेची आई थकली होती. तिनं मला ओट्यावर बसवलं, चहा केला, इकडचं तिकडचं विचारलं. निघताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं इतकी वर्षं मनात राखलेलं विचारलं.

"तिचं बोलणं तुला कळायचं म्हणतात. खरं सांग. गप सोसत पडायची का गं माझी पोर?"

"नाही मावशी," मी म्हणाले. "रोज मागायची. सगळ्यांनी नको म्हटलं तरी मागायची."

ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मीच शिकीवलं होतं. मागावं म्हणून."